मुरलेला रिसीव्हर ट्रेड करून आणावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर उजाडला की आमच्या मित्रमंडळींत एकच विषय असतो. संघ चार जिंकून तीन हरलेला असतो, पहिल्या नंबरचा रिसीव्हर मांडी धरून बाकावर बसलेला असतो, आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, तो अमुक मिळतोय म्हणे. सेकंड राउंडचा पिक देऊन टाकायला काय हरकत आहे?" हे पान त्याच हरकतीबद्दल आहे. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, एनएफएल या लीगचा; रिसीव्हर म्हणजे फेकलेला चेंडू पुढे पळून झेलणारा, आणि ट्रेड म्हणजे दुसऱ्या संघाशी सौदा करून त्याचा खेळाडू घेणं. मी २००७ साली बॉस्टनजवळ नोकरीला होतो, त्यामुळे न्यू इंग्लंड पेट्रियट्सची उदाहरणं जरा जास्त येतील. तेवढं सांभाळून घ्या.

आधी थोडक्यात सांगा. आणावा की नाही?

मार्चमध्ये, म्हणजे मोसम सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, पगार कॅपमध्ये (संघाच्या पगार-मर्यादेत) बसत असेल आणि चेंडू फेकणारा, म्हणजे क्वार्टरबॅक, चांगला असेल, तर जरूर आणावा. ऑक्टोबरमध्ये, ऐन मोसमात, दहादा विचार करावा. संघच खिळखिळा असेल तर फोनसुद्धा उचलू नये.

कितव्या फेरीचा पिक गेला यावरून आपण सगळे हमरीतुमरीवर येतो. पण इतकी वर्षं बघून माझं मत झालंय की सौदा पिकमुळे क्वचितच फसतो. फसतो तो वेळेमुळे आणि पगारामुळे.

हा 'पिक' काय प्रकार आहे? पैसे मोजून खेळाडू का घेत नाहीत?

आयपीएलमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो रोखीच्या व्यवहारात. एनएफएलमध्ये तसा रिवाज नाही. तिथे प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, म्हणजे सॅलरी कॅप. २०२५ साठी ती २७.९२ कोटी डॉलर होती आणि बत्तीसही संघांना सारखीच. नुसत्या श्रीमंतीचा फारसा उपयोग नाही. मग चलन काय? तर दर वर्षी एप्रिलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या पोरांच्या निवडीतला आपला नंबर. सात फेऱ्यांचा ड्राफ्ट असतो. त्यातला हक्क म्हणजे पिक. तो यंदाचा देता येतो, पुढच्या वर्षीचाही देता येतो. पुढच्या वर्षीचा देताना हात जरा सैल सुटतो, कारण तेव्हा आपण नोकरीवर असू की नाही याची जनरल मॅनेजरलाच खात्री नसते.

नावाजलेल्या खेळाडूच्या बदल्यात कुणी फुटकळ गेला असं वाटतं आणि तोच पुढे डोक्यावर बसतो, हे आपल्याला नवीन नाही. २०१९ च्या अखेरीला अजिंक्य रहाणे राजस्थानकडून दिल्लीकडे गेला आणि बदल्यात राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे राजस्थानला मिळाले. पुढच्याच मोसमात शारजात तेवतियाने एका षटकात पाच षटकार मारले आणि रहाणे दिल्लीच्या बाकावर बसून होता. पिकचंही तसंच असतं, फक्त इथे तेवतियाचं नाव तुम्हाला आधी माहीत नसतं.

पिकची किंमत मोजायची कशी?

त्यासाठी एक जुना तक्ता आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजने जिमी जॉन्सनच्या काळात तो बनवला. पहिल्या पिकला ३००० गुण, सोळाव्याला १०००, पहिल्या फेरीच्या शेवटच्याला ५९०, शंभराव्याला १००. आता संघांकडे याहून सुधारलेले तक्ते आहेत, पण वाद घालायला हा पुरतो.

आता दोन सौदे शेजारी ठेवा, दोन्ही पेट्रियट्सचे. २००७ मध्ये त्यांनी रँडी मॉससाठी ओकलंडला ११०वा पिक दिला, तक्त्याप्रमाणे ७४ गुण. २०१९ मध्ये मोहम्मद सानूसाठी अटलांटाला दुसऱ्या फेरीचा पिक दिला. तो शेवटी ५५वा ठरला, म्हणजे ३५० गुण. मॉसने त्या एका मोसमात २३ टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) केले. सानूने पेट्रियट्सकडे मिळून एक केला. तक्ता पिकची किंमत सांगतो, माणसाची नाही.

एकाच माणसाची किंमत कशी उतरते हे पाहायचं असेल तर ब्रँडिन कुक्स बघा. चार वेळा ट्रेड झाला. २०१७ मध्ये तेविसाव्या वर्षी त्याच्यासाठी पहिल्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक गेले. २०१८ मध्ये पुन्हा पहिल्या फेरीचा. २०२० मध्ये दुसऱ्या फेरीचा. २०२३ मध्ये, वय २९, तेव्हा पाचव्या आणि सहाव्या फेरीवर काम झालं. शोरूममधून बाहेर काढलेल्या गाडीसारखं आहे हे, आणि गाडी बंद पडलेली नव्हती बरं का.

मॉसचा सौदा इतका जमला कशामुळे? प्रत्येक ट्रेडच्या वेळी तुम्ही लोक त्याचंच नाव घेता.

घेतो, कारण मी ते वर्ष जगलोय. पण त्याचं नाव घेऊन सानूचं समर्थन करू नये, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२००६ मध्ये ओकलंडला मॉसचे ४२ झेल, ५५३ यार्ड आणि फक्त तीन टचडाउन. तिशी गाठलेली. लोक म्हणत होते, संपला, आणि शिवाय मन लावून खेळत नाही. म्हणून भाव पडलेला. पेट्रियट्सनी त्याला घेतलं ते एप्रिलच्या शेवटी, ड्राफ्टच्या ऐन दिवसांत. त्याने आपला पगार बराच कमी करून घेतला आणि एका वर्षाच्या करारावर आला. म्हणजे नाही जमलं तर मार्चमध्ये रामराम. नुकसान काय, तर एक चौथ्या फेरीचा पिक. ओकलंडने त्यातून जॉन बोवी नावाचा कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) घेतला.

चेंडू फेकायला टॉम ब्रेडी. त्याच वर्षी मायामीकडून वेस वेल्करलाही आणलेलं. संघ आधीच्या मोसमात सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, एक पायरी अलीकडे थांबलेला. घर बांधून तयार होतं, फक्त पुढचा दरवाजा नव्हता.

मांडीच्या दुखण्यामुळे मॉस ऑगस्टचे सराव सामने खेळलाच नाही. पहिल्या रविवारी जेट्सविरुद्ध नऊ झेल, १८३ यार्ड. त्यातला ५१ यार्डांचा टचडाउन मला अजून दिसतो: तिघे बचावपटू त्याच्या मागे, आणि हा त्यांच्यातून नुसता निघून गेला, जणू ते फलाटावर उभे आहेत आणि गाडी सुटली.

मग २९ डिसेंबर, जायंट्सविरुद्ध शेवटचा साखळी सामना. पेट्रियट्स २८-२३ असे मागे. ब्रेडीने उजवीकडे लांब फेकला, चेंडू थोडा तोकडा पडला, मॉसला मागे वळावं लागलं आणि हातातून सुटला. पुढच्याच खेळीला तोच रूट, तीच बाजू. या वेळी ६५ यार्ड आणि टचडाउन. मॉसचा तेविसावा, जेरी राइसचा २२ चा विक्रम मोडणारा, आणि ब्रेडीचा पन्नासावा. आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून.

त्या मोसमात ९८ झेल, १४९३ यार्ड, संघ साखळीत १६-०. आणि हो, सुपर बोल त्याच जायंट्सकडून १७-१४ ने हरले. ते मला आठवण करून द्यायची गरज नाही.

मार्च आणि ऑक्टोबरमध्ये एवढा काय फरक? खेळाडू तर तोच असतो ना?

खेळाडू तोच, पण रिसीव्हर हे काम नुसतं पळण्याचं नाही. एक साधी खेळी घ्या. रिसीव्हरला सांगितलेलं असतं: बारा यार्ड सरळ जा, मग बघ. मागचा सेफ्टी (सगळ्यात मागे राहणारा बचावपटू) मध्यभागी उभा असेल तर बाहेर वळ. दोन सेफ्टी फाकून उभे असतील तर त्यांच्यामधून आत घूस. समोरचा कॉर्नर आधीच मागे सरकला असेल तर जागेवर थांबून वळ. हे त्याने धावता धावता वाचायचं, आणि त्याच क्षणी क्वार्टरबॅकनेही तेच वाचायचं. चेंडू हातातून सुटतो तेव्हा रिसीव्हर अजून वळलेला नसतो. दोघांनी वेगळं वाचलं तर चेंडू रिकाम्या गवतावर पडतो किंवा विरोधकाच्या छातीवर.

हे जुळायला मे ते ऑगस्ट असा वेळ असतो. ऑक्टोबरात आलेल्याला मंगळवारी प्लेबुक (संघाच्या खेळ्यांची वही) मिळतं आणि रविवारी सामना असतो. म्हणून पहिले दोन आठवडे त्याला पंधरा-वीस खेळ्यांपुरता वापरतात. तिसऱ्या आठवड्यात जरा सूर लागतो, तोवर कुणाचा तरी घोटा मुरगळतो.

सानूचं नेमकं हेच झालं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बॉल्टिमोरविरुद्ध दहा झेल, ८१ यार्ड, एक टचडाउन. आम्ही म्हटलं, चला, वसूल. त्यानंतरच्या फिलाडेल्फियाच्या सामन्यात विरोधकांनी लाथेने लांब मारलेला चेंडू (पंट) परत आणताना घोटा गेला आणि पुढे तो लंगडतच खेळला. आठ सामन्यांत २६ झेल, २०७ यार्ड. पुढच्या सप्टेंबरात त्याला सोडूनही दिलं. तो ५५वा पिक अटलांटाकडून बॉल्टिमोरकडे गेला आणि त्यांनी त्यावर जे. के. डॉबिन्स निवडला.

बफेलोने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमारी कूपरला आणलं, मुख्य किंमत तिसऱ्या फेरीचा पिक. आठ सामन्यांत २० झेल, २९७ यार्ड. तोही गुणी माणूस, पण हाताला दुखापत आणि हातात वेळ नाही.

म्हणजे मोसमाच्या मध्यात केलेला सौदा कधीच फळत नाही?

फळतो. २०१९ चाच ऑक्टोबर, सानूचाच आठवडा. सॅन फ्रान्सिस्कोने डेन्व्हरकडून इमॅन्युएल सँडर्सला घेतलं. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक दिले, पाचव्या फेरीचा एक परत मिळाला. त्याने दहा सामन्यांत ५०२ यार्ड केले. डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला ४८-४६ असा जो धुवांधार सामना झाला, त्यात सँडर्सचे १५७ यार्ड होते, आणि वर त्याने स्वतः चेंडू फेकून रहीम मोस्टर्टला ३५ यार्डांचा टचडाउन दिला. दोन्ही संघांचे सुट्टीचे आठवडे असे जुळले की सोळा सामन्यांच्या मोसमात तो सतरा सामने खेळला.

मग सुपर बोल. कॅन्सस सिटीविरुद्ध २०-२४, शेवटची पावणेदोन मिनिटं, चार प्रयत्नांतला तिसरा डाव आणि दहा यार्डांची गरज. सँडर्स बचावफळीच्या मागे एकटा निसटलेला. क्वार्टरबॅक गारोपोलोने फेकला तो त्याच्या बोटांच्या पुढे पडला. रिसीव्हरने आपलं काम केलं होतं. त्याच्यासाठी दिलेल्या पिकचा हिशोब त्या एका फेकीवर करायचा का? सॅन फ्रान्सिस्कोचे लोक अजून करतात.

उलटं उदाहरण गोल्डन टेट. फिलाडेल्फियाने २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीचा पिक दिला, आठ सामन्यांत ३० झेल, २७८ यार्ड. मोसमभर शिव्या. मग ६ जानेवारी २०१९ ला शिकागोत बाद फेरीचा सामना, मिनिटभराहून कमी वेळ उरलेला, चौथा डाव, गोल दोन यार्डांवर. निक फोल्सने उजवीकडे धावत फेकला, टेटने पकडला, १६-१५. शिकागोची शेवटची किक खांबाला आणि मग आडव्या दांड्याला आपटून बाहेर आली. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फिया न्यू ऑर्लिन्सला हरलं, टेट मार्चमध्ये जायंट्सकडे गेला. एका झेलासाठी तिसऱ्या फेरीचा पिक. माझ्या मते महाग. फिलाडेल्फियाच्या माणसासमोर हे बोलू नका.

पगार कोण देतो? हे डेड मनी काय आहे?

सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

करार करताना खेळाडूला जो सायनिंग बोनस मिळतो, तो एकदम दिलेला असला तरी कॅपच्या हिशोबात पाच वर्षांपर्यंत पसरवलेला असतो. खेळाडू ट्रेड झाला की पुढच्या वर्षांच्या नावावर उरलेला भाग जुन्या संघाच्या गळ्यात पडतो. त्यालाच डेड मनी म्हणतात. बफेलोने २०२४ मध्ये स्टेफॉन डिग्जला ह्यूस्टनकडे पाठवलं तेव्हा सुमारे ३.१ कोटी डॉलर असे गळ्यात घेतले. माणूस दुसऱ्याच्या घरी, हप्ते आपल्या नावावर. सौदा १ जूननंतर केला तर हा बोजा दोन वर्षांत वाटता येतो. अटलांटाने हुलिओ जोन्सला २०२१ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अडवून ठेवलं ते याच कारणाने.

नव्या संघाला उरतो तो मूळ पगार. तो मोसमाच्या अठरा आठवड्यांत विभागून मिळतो. समजा एखाद्याचा पगार १.८ कोटी डॉलर आहे आणि आठ आठवडे झालेत, तर तुमच्या वाट्याला एक कोटी. एवढी जागा कॅपमध्ये नसेल तर जुन्या संघाला म्हणायचं, बाबा, थोडा पगार तूच बोनस म्हणून देऊन टाक, मी पिक चांगला देतो. टेनेसीने ऑक्टोबर २०२४ मध्ये डीआंद्रे हॉपकिन्सला कॅन्सस सिटीकडे पाठवताना उरलेल्या पगाराचा काही भाग असा उचलला होता.

म्हणून "नुसता पाचव्या फेरीचा तर पिक आहे" असं कुणी म्हणालं की आधी पगाराचा आकडा विचारा. हुलिओ जोन्ससाठी टेनेसीने दुसऱ्या आणि चौथ्या फेरीचे पिक दिले, शिवाय त्या वर्षीचा १.५ कोटी डॉलरवर पगार. मिळालं काय, तर दहा सामने, ३१ झेल, ४३४ यार्ड, एक टचडाउन. मार्चमध्ये सुट्टी.

किती वय झालं की घेऊ नये?

असा आकडा नसतो. हुलिओ जोन्स, अँक्वान बोल्डिन, इमॅन्युएल सँडर्स, डीआंद्रे हॉपकिन्स, चौघेही ट्रेड झाले तेव्हा ३२ वर्षांचे होते. एक फसला, दोघे जमले, चौथा अधलामधला.

बघायचं ते हे, की त्याचा खेळ कशावर उभा आहे. जोन्सचा खेळ वेगावर आणि ताकदीवर होता, आणि मांडीच्या मागचा स्नायू दगा द्यायला लागला की वेग पहिला जातो. बोल्डिन विशीतही वेगवान नव्हता. त्याचं सगळं अंगावर माणूस असताना चेंडू काढून घेण्यात होतं, त्यामुळे वयाने त्याचं काढून घेण्यासारखं फारसं नव्हतंच. लॅरी फिट्झजेरल्ड बाहेरच्या कडेवरून आत, मधल्या जागेत (स्लॉटमध्ये) आला आणि २०१६ मध्ये ३३ व्या वर्षी १०७ झेल घेऊन लीगमध्ये पहिला आला. जेरी राइसने चाळिशीत, २००२ मध्ये, १२११ यार्ड केले. पण राइसचं उदाहरण ट्रेडच्या वादात देऊ नये. लता मंगेशकर साठीनंतरही गात होत्या म्हणून कुणी आपल्या काकूला स्टुडिओत नेत नाही.

झेलांची बेरीज बघण्याऐवजी मागच्या दोन मोसमांत किती सामने बुडाले आणि कशाने बुडाले ते बघा. तुटलेलं हाड भरून येतं. मांडीचं दुखणं पुन्हा पुन्हा येतं.

क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर जुने सोबती असतील तर?

तर ऑक्टोबरची अडचण दूर होते, पण संघाची होत नाही. डव्हॉन्टे अ‍ॅडम्स आणि अ‍ॅरन रॉजर्स ग्रीन बेला वर्षानुवर्षं एकत्र खेळले, डोळ्यांनी बोलायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जेट्सनी अ‍ॅडम्सला लास व्हेगसहून आणलं आणि जुनी जोडी जमली. अ‍ॅडम्सने आपलं काम चोख केलं: अकरा सामन्यांत ६७ झेल, ८५४ यार्ड, सात टचडाउन. आणि जेट्स? आला तेव्हा २-४, मोसम संपला तेव्हा ५-१२. मार्चमध्ये अ‍ॅडम्सला सोडून दिलं.

मला तर हा सगळ्यात बोलका सौदा वाटतो. खेळाडू चांगला, जोडी जुनी, पिकही डोळे फिरावेत असा नव्हता, आणि तरी हाती भोपळा. हरणारा संघ एका रिसीव्हरने सावरत नाही, कारण त्याच्याकडे चेंडू पोचायला पुढच्या पाच धिप्पाड माणसांनी तीन सेकंद तरी थोपवून धरावं लागतं.

'कंडिशनल पिक' म्हणजे काय?

अटीचा पिक. अ‍ॅडम्ससाठी तिसऱ्या फेरीचा ठरला होता. तो ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात आला किंवा जेट्स कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत (सुपर बोलच्या आधीच्या पायरीपर्यंत) पोचले तर दुसऱ्या फेरीचा होणार होता. तसलं काही झालं नाही. हॉपकिन्सचा पाचव्या फेरीचा होता, चौथ्याचा होऊ शकला असता. वयस्क खेळाडूसाठी हीच पद्धत शहाणपणाची. खेळला तर पैसे पुरे, नाही खेळला तर निम्मे. अटीशिवाय सौदा केला असं वाचलं की मी जरा सावध होतो.

थोडं थांबलं तर तो फुकटात मिळेल ना?

पुष्कळदा मिळतो. कूपर कप २०२५ च्या मार्चमध्ये असाच मोकळा झाला. रॅम्स ट्रेड शोधत होते, पण पगार बघून कुणी पुढे आलं नाही. ओडेल बेकम ज्युनियरला क्लीव्हलंडने नोव्हेंबर २०२१ मध्ये सोडलं, वेव्हरवर, म्हणजे सोडलेल्या खेळाडूंच्या यादीतून, कुणी उचललं नाही आणि रॅम्सनी एकही पिक न देता घेतला. तीन महिन्यांनी सुपर बोलचा पहिला टचडाउन त्याचा. मग गुडघा गेला, पण तोवर काम झालं होतं.

धोका असा की मोकळा झालेला खेळाडू आपला संघ स्वतः निवडतो. तुमचा संघ वर्षानुवर्षं तळाला असेल तर तो तुमच्याकडे येणार नाही. मग पिक देऊनच आणावा लागतो. गरिबाला सगळं महागच पडतं.

झेल कमी असले तरी त्याच्यामुळे इतरांना जागा मिळते म्हणतात. खरं की सांत्वन?

दोन्ही. २००७ मध्ये मॉसच्या मागे दोघे-तिघे धावायचे म्हणून मधली जागा मोकळी राहायची, आणि वेल्करने तिथे उभं राहून ११२ झेल घेतले, त्या मोसमात लीगमध्ये सर्वाधिकांच्या बरोबरीने. पण ही जागा भीतीमुळे मिळते. ज्याला आता कुणी घाबरत नाही, त्याच्यामुळे कुणाला जागा मिळत नाही. "आकड्यांत दिसत नाही पण त्याचा उपयोग होतोय" असं प्रशिक्षक तिसऱ्यांदा म्हणाले की समजावं, उपयोग होत नाहीये.

एवढा चांगला असेल तर जुना संघ देतोच कशाला?

बहुतेकदा पगारासाठी. बॉल्टिमोरने फेब्रुवारी २०१३ मध्ये सुपर बोल जिंकला, बोल्डिन त्यातला मोठा वाटेकरी. त्याला साठ लाख डॉलरचा पगार होता. वीस लाख कमी घे म्हणाले, तो नाही म्हणाला. महिन्याभरात सहाव्या फेरीच्या पिकवर त्याला सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं. ज्यांना हरवून कप जिंकला, त्यांनाच! पहिल्याच सामन्यात ग्रीन बेविरुद्ध त्याने १३ झेल आणि २०८ यार्ड केले. मोसमाअखेर ११७९ यार्ड. बॉल्टिमोर ८-८ वर अडकलं आणि बाद फेरीलाही मुकलं. मला माहीत असलेला हा सगळ्यात स्वस्त सौदा, आणि बघा, मार्चमधला.

दोघांचंही भलं होतं कधी कधी. मिनेसोटाने २०२० च्या मार्चमध्ये डिग्जला बफेलोकडे दिलं. त्याने तिथे पहिल्याच वर्षी १२७ झेल आणि १५३५ यार्ड, दोन्हींत लीगमध्ये पहिला. मिळालेल्या २२ व्या पिकवर मिनेसोटाने जस्टिन जेफरसन घेतला. यावर वाद घालणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

स्वभाव किती बघायचा?

बघायचा, पण कॅमेऱ्यासमोरचा नाही. मॉसच्या स्वभावाबद्दल २००७ च्या आधी काय काय बोललं जायचं! तरी जमलं. २०१० मध्ये तोच मॉस पेट्रियट्सकडून मिनेसोटाला तिसऱ्या फेरीच्या पिकवर गेला आणि चार सामन्यांत मोकळा केला गेला. अँटोनियो ब्राउनसाठी ओकलंडने २०१९ मध्ये तिसऱ्या आणि पाचव्या फेरीचे पिक दिले. थंडीच्या उपचारात पावलं होरपळली, जुनं हेल्मेट घालू द्या म्हणून भांडण झालं, आणि साखळीतला एकही सामना न खेळता तो सप्टेंबरात बाहेर. ज्या संघाला आधीच घर सांभाळता येत नाही, त्याने असा पाहुणा बोलावू नये.

माझ्या फँटसी संघासाठी काय?

तिथे पगार नाही, प्लेबुक नाही, जिंकण्या-हरण्याचं दुःख नाही. अ‍ॅडम्स जेट्सकडे गेला तेव्हा फँटसीवाले खूश आणि जेट्सवाले रडत होते. ते पान वेगळं.

ट्रेडची शेवटची मुदत कधी असते? भारतातून जागायचं किती वाजेपर्यंत?

२०२४ पासून नवव्या आठवड्यानंतरचा मंगळवार, न्यूयॉर्कचे दुपारचे चार. तोवर तिकडची घड्याळं मागे गेलेली असतात, म्हणजे आपल्याकडे बुधवारचे पहाटेचे अडीच. मोठ्या बातम्या दीडनंतर येतात. वैद्यकीय तपासणीत खेळाडू नापास झाला तर सौदा मोडतो, त्यामुळे अडीचला नाचू नका. सकाळी उठून नाचा.

नव्या खेळाडूची जर्सी लगेच घ्यावी का?

ऑक्टोबर २०१९ मध्ये माझ्या भाच्याने पुण्याहून फोन करून सांगितलं, मामा, येताना सानूची आण, १४ नंबर. मी म्हटलं, थांब जरा. त्याने ऐकलं नाही, मीही फार ताणलं नाही. डिसेंबरात मी जर्सी घेऊन पोचलो तेव्हा सानू घोट्याने लंगडत होता. आता ती रंगपंचमीला वापरतो. मागचा एक आणि चार अजून वाचता येतात, खांद्याकडे मात्र सगळं गुलाबी झालंय.